लुसार्डी मॅडम, तुमच्या तीन प्रश्नांबद्दल आभार

आदरणीय अ‍ॅनामारिया लुसार्डी मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही आणि मराठी पत्र तुमच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात कोण वाचून दाखवणार, हाही प्रश्नच. तरी लिहिते, कारण माझ्या पीएच.डी.चा निम्मा भार लोकांची आर्थिक साक्षरता मोजणाऱ्या तुमच्या तीन प्रश्नांनी उचललाय.

मी कॉमर्स शिकवते. विषय घेतला सांगली जिल्ह्यातल्या बचत गटांचा. "घरखर्चावर कसलं आलंय संशोधन?" हे पुष्कळदा ऐकून झालंय. मिलानच्या बोकोनी विद्यापीठात शिकलेल्या, १९९२ साली प्रिन्स्टनची डॉक्टरेट घेतलेल्या बाईंनी माणसं अडीअडचणीसाठी किती शिल्लक टाकतात यापासून सुरुवात करून सगळी कारकीर्द याच विषयात घातली, हे माझं ठरलेलं उत्तर.

तुम्ही आणि अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिया मिचेल यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्यांना व्याज, महागाई आणि जोखीम यांवर एकेक प्रश्न विचारला. तिन्ही बरोबर आले जेमतेम एक तृतीयांश लोकांचे. पहिला मी रुपयांत विचारला: शंभर रुपये, वर्षाला दोन टक्के व्याज, पाच वर्षांनी एकशे दोनपेक्षा जास्त, तेवढेच की कमी? गटाचं रजिस्टर सांभाळणाऱ्या काकू म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं!" मी 'माहीत नाही'वर खूण करतेय तोवर त्या शेजारणीला म्हणाल्या, "तुझे पाच हजार, महिना दोन टक्क्यानं तीन महिन्यांचं व्याज तीनशे. त्यातले शंभर आज तरी टाक." कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही.

तुमचा आणि सहकाऱ्यांचा नेदरलँड्समधला अभ्यास इथे कामी आला. 'माहीत नाही' हा पर्यायच काढला की बायका बऱ्याचदा बरोबर उत्तर देतात. आर्थिक साक्षरतेतल्या स्त्री-पुरुष तफावतीचा सुमारे एक तृतीयांश भाग आत्मविश्वासाच्या कमतरतेचा असतो. तो वाचल्यावर मी तो पर्याय नसलेली दुसरी फेरी घेतली. प्रबंधातलं सगळ्यात भक्कम प्रकरण त्यातूनच उभं राहिलं.

एक तक्रार मात्र आहे. एका कंपनीचा शेअर जास्त सुरक्षित की म्युच्युअल फंड, हा तुमचा तिसरा प्रश्न आमच्या गटांत चालत नाही. जोखीम म्हटलं की इथे आधी भिशीवाला पळून जाईल का, हेच डोक्यात येतं. म्हणून मी जोडीला विचारलं: सगळे पैसे एकाच भिशीत घालाल की थोडे पोस्टातही? त्यावर उत्तराआधी वाद झाले, तेही मी टिपून घेतले.

प्रबंध सादर झालाय. ऋणनिर्देशात तुमचं नाव आहेच, पण तो कोण वाचतं? म्हणून हे जाहीर पत्र.

आपली,
कॉमर्सची एक प्राध्यापिका