रिकाम्या पोटी ये

लोस बान्योस, लागुना, फिलिपिन्स

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सामानाची यादी आईने पाठवली. पोह्यांची पाकिटं, तीन मसाले, शेंगदाण्याची चटणी, भाजणी. भाजणी आण, मला हवी आहे. बाकीचं काढून टाक.

तू बघतेस त्या व्हिडिओंत एकतर अख्खं डुक्कर भाजतात, नाहीतर बदकाचं गर्भासकट अंडं खातात. ते भाजलेलं डुक्कर, म्हणजे लेचोन, सणासुदीला. रोज घरात असतो भात, आणि त्यावर घ्यायला बहुधा काहीतरी आंबट. १९६६ मध्ये आयआर-८ हे भाताचं वाण याच गावातल्या भात संशोधन संस्थेतून बाहेर पडलं. इथे पोळीची चौकशी करू नकोस.

आमच्या घरमालकीणबाईंना सगळे नानाय म्हणतात, मीही. त्या तांदळाचं दुसरं धुवण फेकत नाहीत, सिनिगांगला, म्हणजे इथल्या आंबट रश्शाला, वापरतात. त्यात उकडलेल्या चिंचेचा कोळ, टोमॅटो, मुळा, चवळीच्या लांब शेंगा, अळकुड्या, मासा नाहीतर कोळंबी, आणि शेवटी नाळीची भाजी. चिंच नसली तर कामियास, म्हणजे आजीच्या परसातली बिंबलं. हळद नाही, तिखट नाही. फोडणीची वाट बघू नकोस, ती येणारच नाही. पहिल्या घोटाला पातळ वाटेल. भात कालवून खा, मग बोल.

तिखट-मीठ जेवणाऱ्याच्या हातात असतं. पाटिस म्हणजे माशाचं खारं पाणी, कालामान्सी हे सुपारीएवढं लिंबू आणि चेचलेली मिरची, ज्याने त्याने आपापल्या वाटीत कालवायचं. स्वयंपाक करणारीला राग येत नाही. आपल्या घरी वरून मीठ मागितलं की काय होतं, ते तुला ठाऊक आहे.

शुक्रवारी मूग. लसूण-कांदा-टोमॅटो परतून शिजवलेले, वर शेवग्याचा किंवा कारल्याचा पाला. मूळ कारण कॅथलिकांचा मांस वर्ज्य करण्याचा वार, पण बरेच जण वरून डुकराची कुरकुरीत कातडी चुरतात आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही! लाइंग मात्र तुला नक्की आवडेल. बिकोल भागातलं अळू, नारळाच्या दुधात मिरची आणि सुकी मासळी घालून आटवलेलं. पानांत दूध मुरेपर्यंत डाव लावायचा नाही, नाहीतर घसा खाजतो, असं नानाय बजावतात. आपण चिंच घालतो, हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

खरी गंमत तीन-साडेतीनच्या मेरिएंडाची, म्हणजे मधल्या वेळच्या खाण्याची. त्या वेळी कुणाला काम सांगू नये. साबा जातीची जाड, पिठूळ केळी साखरेसकट तळून काडीला टोचतात, तो बनाना क्यू. त्याच केळ्याच्या फोडी फणसाच्या गऱ्याबरोबर पातळ पारीत गुंडाळून तळल्या की तुरोन. तुरोन गरम असतानाच खा, गार झाल्यावर साखर दाताला चिकटते. सकाळी ताहोवाला लांबलचक हाळी देत येतो: मऊ टोफू, वर काकवीसारखा पाक आणि साबुदाण्याचे मोठे दाणे. उठायला उशीर केलास तर तो निघून गेलेला असेल.

तू अगदी मोक्याच्या वेळी येते आहेस. १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटे चर्चमध्ये प्रार्थना असते आणि बाहेर बिबिंगका मिळते. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध केळीच्या पानावर ओतून, खाली-वर निखारे ठेवून भाजतात. वर खारवलेलं अंडं आणि खवलेलं खोबरं. अंडं बघून तोंड वाकडं करशील, तर तुझा वाटा मी खाईन.

तुझी मैत्रीण येणार असेल आणि शाकाहारी असेल, तर लगेच कळव. इथे भाजीतही पाटिस नाहीतर बागोओंग, म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं खारं वाटण, असतं, आणि 'मांस नाही' म्हटलं तरी ते घालतातच. नानायना आधी सांगितलं तर त्या वेगळं पातेलं चढवतील.

तुझा,
बाबा