ओमाहाहून पत्र: मलाही इलेक्शन ड्यूटी लागली

ओमाहा, नेब्रास्का
17 नोव्हेंबर 2024

ती. बाबा आणि ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आयोग नाही म्हणतेस, मग निवडणूक घेतं कोण?" त्याचं उत्तर फोनवर मावेना, म्हणून हे पत्र. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला दादाला सांगितलंय. बुधवारी तुमच्याकडे मतदान आहे, त्याआधी वाचा. शनिवारी निकाल लागले की तुम्ही टीव्हीसमोरून हलणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तर, आपल्यासारखा निवडणूक आयोग इथे अमेरिकेत खरंच नाही. उमेदवारांच्या पैशांचे हिशेब बघणारा एक केंद्रीय आयोग आहे, पण मतदान घेणं त्याच्याकडे नाही. मतदान घेते काउंटी, म्हणजे जवळजवळ आपला जिल्हा. आमच्या नेब्रास्का राज्यात अशा 93 काउंट्या आहेत. बहुतेक ठिकाणी काउंटीचा क्लार्क हे काम बघतो आणि तो स्वतःच लोकांनी निवडून दिलेला असतो. आमच्या डग्लस काउंटीत मात्र गव्हर्नरने (म्हणजे इथला मुख्यमंत्रीच म्हणा) नेमलेला इलेक्शन कमिशनर आहे. मिसूरी नदीचा पूल ओलांडला की आयोवा राज्य, तिथे मतदानाच्या वेळा वेगळ्या आणि नियमही वेगळे. अध्यक्ष अख्ख्या देशाचा एकच, पण त्याला निवडायच्या रीती जितकी राज्यं तितक्या.

माणसं कुठून आणतात, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी केंद्रावर आपणहून नाव दिलेले लोक बसतात, त्यात निवृत्त मंडळी जास्त. आमची काउंटी मात्र मतदारयादीतून नावं उचलते आणि सरळ पत्र धाडते की तुमची नेमणूक झाली, हजर व्हा. एकदा नाव निघालं की चार निवडणुकांना बांधलेलं. त्यापायी नोकरीवरून काढता येत नाही, पगार कापता येत नाही. असं पत्र उन्हाळ्यात मला आलं. ते हातात घेतलं आणि तहसीलबाहेर वैद्यकीय दाखले घेऊन ड्यूटी रद्द करायला उभे राहणारे तुमचे सहकारी आठवले. तुम्ही त्या रांगेत कधी उभे राहिला नाहीत, उलट डोंगरातलंच केंद्र मिळावं म्हणून बघायचात. म्हणून मीही नाही म्हटलं नाही.

5 नोव्हेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक होती, आणि माझं केंद्र एका चर्चच्या हॉलमध्ये होतं. सकाळी 8 ते रात्री 8 मतदान, आणि मंगळवार असून सुट्टी नाही. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा नियम 1845 सालचा. शेतकरी घोडागाडीने गावाला येऊन मत द्यायचे तेव्हाची सोय, ती अजून तशीच. लोक कामावर जाण्याआधी नाहीतर सुटल्यावर येतात, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी झुंबड आणि दुपारी माश्या मारायच्या. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते, तेव्हा डब्यात चकल्या नेल्या. रिपब्लिकन म्हणून नोंदलेल्या आजीबाई आणि डेमोक्रॅट म्हणून नोंदलेला ट्रकवाला, दोघांनी मिळून संपवल्या. नोंदलेला म्हणजे अक्षरशः नोंदलेला, बाबा. मतदारयादीत नावापुढे पक्ष लिहिलेला असतो. ज्याला लिहायचा नसेल त्याने लिहू नये, पण बहुतेक जण लिहितात. आपल्याकडे यादीत पक्षाचा रकाना आला तर काय काय होईल, याचा विचार करत मी दिवसभर नावं शोधत होते.

शाई नाही, यंत्राचं बटण नाही. कागदी मतपत्रिकेवर काळ्या पेनाने लंबगोल भरायचा, पुढे मशीन ते वाचून मोजतं. गंमत अशी की देशभर अशी मशीनं पुरवणारी सर्वांत मोठी कंपनी ओमाहातलीच. ओळखपत्र दाखवायची सक्ती नेब्रास्कात याच वर्षी आली, तीही 2022 मध्ये लोकांनीच मतदानाने मागून घेतलेली. दाराबाहेर 200 फुटांच्या आत प्रचार करायचा नाही, पण प्रचार थांबवायचा म्हणून काही दिवस नाही. लोक रांगेत उभे असतानाही त्यांच्या मोबाइलवर जाहिराती येत होत्या. केंद्रावरच्या मतांचा हिशेब लिहायच्या तुमच्या 17-सी फॉर्मसारखं काही आहे का, हे मी मुद्दाम पाहिलं. आहे. किती मतपत्रिका आल्या, किती दिल्या, किती खराब झाल्या, सगळ्याचा मेळ घालून सह्या. रात्री तो मेळ पहिल्याच फटक्यात जमला तेव्हा तुम्हाला फोन करावासा वाटला, पण तुमच्याकडे तेव्हा सकाळची गडबड होती.

आता मतपत्रिका. इथल्या राज्यकारभाराची गोष्ट मला घटनेच्या पुस्तकापेक्षा या कागदावर जास्त कळली. वर अध्यक्ष. त्याखाली सिनेट, म्हणजे इथल्या संसदेचं वरचं सभागृह, आणि यंदा नेब्रास्कात सिनेटच्या दोन्ही जागा होत्या, कारण एक सिनेटर मध्येच राजीनामा देऊन एका विद्यापीठाचे अध्यक्ष झाले होते. मग प्रतिनिधिगृह, म्हणजे खालचं सभागृह. इथवर टीव्हीवर दिसतं. खरी मजा खाली आहे. पाणी आणि गॅस पुरवणाऱ्या मंडळाचे संचालक मतदानाने, नदी-नाले आणि भूजल सांभाळणाऱ्या मंडळाचे सदस्य मतदानाने, राज्य विद्यापीठाचे रीजंट, म्हणजे त्याचा कारभार बघणारे सदस्य, तेही मतदानाने. आणि आई, वीजमंडळाचे संचालकसुद्धा! ओमाहाच्या वीजमंडळावर आठ संचालक आहेत आणि आठही लोकांनी निवडलेले. नेब्रास्कात विजेचा सगळा पुरवठा सार्वजनिक संस्थांकडे आहे, असं अमेरिकेत दुसरं राज्य नाही. ऐन उन्हाळ्यात लोडशेडिंग झालं की तू एमएसईबीच्या नावाने ज्या शिव्या द्यायचीस, त्या इथे मतपत्रिकेवर देता येतात.

त्याच्याही खाली न्यायाधीश. "अमुक न्यायाधीशांना पदावर ठेवावं का?" हो किंवा नाही. नेमतो गव्हर्नर, पण ठरावीक वर्षांनी लोकांना विचारावं लागतं. माझ्या पुढ्यात एक बाई बराच वेळ त्या रकान्यावर अडून राहिली आणि शेवटी सगळे कोरे सोडून गेली. तिचं मला पटलं. ज्या न्यायाधीशाचा एकही निकाल आपण वाचलेला नाही, त्याला हो काय म्हणायचं आणि नाही काय! पण वॉशिंग्टनमधल्या सुप्रीम कोर्टाचे नऊ जण आजन्म बसतात, ना निवृत्तीचं वय, ना कुणाला विचारणं, हेही मला पटत नाही. आपले 65 ला घरी जातात, तेच बरं.

त्या नऊ जणांचं एक उदाहरण सांगते, म्हणजे तिन्ही सत्ता एकमेकींच्या पायात कशा येतात ते दिसेल. जून 2022 मध्ये कोर्टाने सांगितलं की गर्भपाताचा हक्क देशाच्या घटनेत नाही, राज्यांनी आपापलं ठरवावं. झालं, प्रश्न नेब्रास्काच्या राजधानीत, लिंकनच्या विधिमंडळात येऊन पडला. सहा आठवड्यांच्या आसपास बंदी घालणारं बिल एप्रिल 2023 मध्ये आलं. चर्चा थांबवून मतदान घ्यायला 33 मतं हवी होती, पडली 32. बंदीच्याच बाजूच्या पक्षातले, पूर्वी हॉस्पिटल चालवलेले ऐंशीच्या घरातले एक सदस्य, मर्व रीप, गप्प बसून राहिले आणि बिल पडलं. पुढच्याच महिन्यात बारा आठवड्यांचं आलं, ते बरोबर 33 मतांनी तरलं. मग दोन्ही बाजूंनी सह्या गोळा केल्या आणि यंदा मतपत्रिकेवर एकमेकांच्या उलट दोन घटनादुरुस्त्या आल्या. बंदी घटनेत घालणारी मंजूर झाली, हक्क घटनेत घालणारी पडली. मला हवं होतं ते झालं नाही. पण कोर्ट, विधिमंडळ आणि लोक, असा पूर्ण फेरा अडीच वर्षांत माझ्या डोळ्यांसमोर झाला.

लिंकनचं विधिमंडळ तुम्ही इथे आलात की दाखवायचंच आहे. अमेरिकेतल्या बाकी सगळ्या राज्यांत दोन सभागृहं, इथे एकच. 49 सदस्य, आणि मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष नाही. मतदाराच्या नावापुढे आहे, आमदाराच्या नाही, अशी उलटी तऱ्हा. जॉर्ज नॉरिस नावाचे सिनेटर होते, त्यांनी गाडीने गावोगाव फिरून लोकांना पटवलं की दुसरं सभागृह म्हणजे फुकटचा खर्च, आणि दोन्हींच्या समित्या बंद दाराआड बसतात तिथेच खरे घोळ होतात. 1934 मध्ये लोकांनी कौल दिला, 1937 पासून एकच सभागृह. इमारत मात्र दोन सभागृहांसाठी बांधून झालेली. दुसरं दालन आता बैठका-समारंभांना वापरतात. आमदाराचा पगार वर्षाला 12,000 डॉलर, त्यात इथे घरभाडंही धड भागत नाही. विधान परिषद हवी की नको यावर तुमचं आणि काकांचं जे भांडण चालतं, त्यात काकांना हे सांगू नका, ते लगेच नॉरिस होतील.

आता तुमचा दुसरा प्रश्न, "तिथे सरकार पडत कसं नाही?" पडूच शकत नाही, बाबा. अध्यक्ष काँग्रेसमधून, म्हणजे इथल्या संसदेतून, येत नाही, म्हणून अविश्वासाचा ठराव नाही. आपल्याकडे मंत्री व्हायचं तर सहा महिन्यांत सदनात निवडून यावं लागतं. इथे मंत्री व्हायचं तर सदन सोडावं लागतं. या आठवड्यात मार्को रुबिओंचं नाव परराष्ट्रमंत्री म्हणून पुढे आलंय. सिनेटने मंजुरी दिली तर त्यांना सिनेटरपदाचा राजीनामा द्यावा लागेल. एकाच वेळी दोन घरांत पाय नाही. सगळी रचना भावकीत वाटणी झालेल्या सामायिक विहिरीसारखी आहे. पाळ्या ठरलेल्या, हक्क सगळ्यांचा, आणि एकट्याने मोटार चालू करायची म्हटली की दुसरा येऊन फ्यूज काढतो. त्याचा जाचही होतो. 2018 च्या नाताळाच्या आधीपासून 35 दिवस काँग्रेस आणि अध्यक्षांचं पैशांवरून जमलं नाही, तर केंद्राच्या जवळपास आठ लाख कर्मचाऱ्यांचा पगार अडकला. आपल्याकडे बजेट पडलं तर सरकार जातं. इथे सरकार जागच्या जागी, फक्त चालत नाही.

व्हीप आहे, पण तो मोडला म्हणून आमदारकी जात नाही. पक्षांतरबंदी नाही. ओमाहाचे आमदार माइक मॅकडॉनेल, पूर्वीचे अग्निशमन दलातले, एप्रिलमध्ये डेमोक्रॅट पक्ष सोडून रिपब्लिकन झाले आणि खुर्चीवर तसेच बसून राहिले. तुम्ही म्हणाल, हेच तर आम्ही दोन वर्षं पाहतोय. थांबा, पुढे ऐका.

अध्यक्ष निवडतात ती 538 मतं. लोकांची नाही, राज्यांची. 270 मिळवेल तो जिंकला. 2016 मध्ये हिलरी क्लिंटनना 28 लाखांहून जास्त मतं अधिक मिळूनही त्या हरल्या. (यंदा ट्रम्पना दोन्हीकडे आघाडी आहे, वाद नाही.) बाकी राज्यांत जिंकेल त्याला राज्याची सगळी मतं. फक्त मेन आणि नेब्रास्का वाटून देतात. नेब्रास्काची पाच: दोन राज्याची, तीन एकेका मतदारसंघाची. राज्य कट्टर रिपब्लिकन, पण ओमाहाचं एक मत अधूनमधून डेमोक्रॅटांकडे जातं. 2008 ला गेलं, 2020 ला गेलं, यंदाही गेलं. त्यासाठी लोकांनी अंगणात पांढऱ्या पाट्या लावल्या होत्या, त्यावर अक्षर नाही, नुसता एक निळा, म्हणजे डेमोक्रॅटांच्या रंगाचा, ठिपका.

सप्टेंबरमध्ये हे एक मत काढून घ्यायचा घाट घातला गेला. कारण विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया जिंकून हॅरिस 269 वर अडकल्या असत्या आणि ओमाहा धरून बरोबर 270 झाले असते. कायदा बदलायला पुन्हा तीच 33 मतं हवी. वॉशिंग्टनहून सिनेटर लिंडसे ग्रॅहम समजवायला आले, ट्रम्पनी जोर लावला. आणि मॅकडॉनेल, हेच नवे नवे रिपब्लिकन झालेले, 23 सप्टेंबरला म्हणाले, निवडणूक तोंडावर असताना नाही. विषय संपला. पक्ष बदलणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तसं शेवटी त्या एका मताने काही फरक पडला नाही, ट्रम्प सरळ जिंकले.

मला मात्र ही पद्धत आवडत नाही, माझ्या ओमाहाचा तिने भाव वाढतो तरीही. नेब्रास्काची वस्ती वीस लाखांच्या आसपास, आपल्या पुणे जिल्ह्याच्या पावपटही नाही. कॅलिफोर्नियात जवळपास चार कोटी. सिनेटमध्ये दोघांनाही दोन-दोनच जागा. लहान राज्यांना दबून राहावं लागू नये हा हेतू समजतो, पण इतकं? याच मतदारसंघाने अध्यक्षाला हॅरिसना मत दिलं आणि प्रतिनिधिगृहावर रिपब्लिकन डॉन बेकन यांना पाठवलं, हे मला फार आवडलं. म्हणजे एकाच मतपत्रिकेवर लोकांनी वर एक आणि खाली दुसरा पक्ष निवडला.

अजून काम संपलेलं नाही. 17 डिसेंबरला पाच जण लिंकनला जमून राज्याची मतं देतील, 6 जानेवारीला काँग्रेस ती मोजेल, 20 ला शपथ. पूर्वी शपथ 4 मार्चला व्हायची. ती अलीकडे आणणारी दुरुस्ती त्याच नॉरिस यांची.

आता घरचं. दादा म्हणाला, बीएलओने मतदार चिठ्ठ्या वाटल्या त्यात माझ्या नावाचीही आली आणि आईने ती देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. आई, ती ठेवू नकोस. इथलं नागरिकत्व घेतलं तेव्हाच तिथला मताचा हक्क गेला, ओसीआय कार्डावर मत देता येत नाही. बाबा, तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांची दुबार नावं शोधून काढलीत, आता निवडणूक झाली की माझं काढायला नमुना 7 भरून द्या. माझ्या पासपोर्टची झेरॉक्स लागली तर दादाला पाठवते. आणि बुधवारी सकाळी लवकर जा, आईला रांगेत उभं राहायला लावू नका, ज्येष्ठांना पुढे सोडतात.

तुमची,
मंजू