‘पुढे खटला चालून फाशी झाली’ म्हणजे नेमके काय झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गाजलेल्या जुन्या खून खटल्यांवर लेखमाला चालू आहे. मी ती पहिल्या भागापासून वाचतो आहे. फौजदारी न्यायालयात कारकुनी करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. लेख वाचनीय असतात, यात वाद नाही. तक्रार एवढीच, की खून कसा झाला याला तीन रकाने, आरोपीच्या थंड डोळ्यांना एक रकाना, आणि शेवटी ओळ येते: ‘पुढे खटला चालून त्याला फाशी झाली.’ अहो, त्या ‘पुढे’मध्येच तर सगळे आहे!

उदाहरणादाखल पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांचे प्रकरण घ्या. मधुमेहाने आजारी, पैसाअडका बाळगून असलेली विधवा बाई. नोव्हेंबर 1956 मध्ये त्या आपल्या डॉक्टरांबरोबर, म्हणजे अनंत चिंतामण लागू यांच्याबरोबर, रात्रीच्या गाडीने पुण्याहून मुंबईला निघाल्या. सकाळी गाडी मुंबईला पोचली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात भलत्याच नावाने दाखल केले. दुपार व्हायच्या आत बाई गेल्या. मृत्यू कळल्यावर डॉक्टरांनी, बाईंचा भाऊ येऊन प्रेत ताब्यात घेईल, असे रुग्णालयाला कळवले. असा कोणी भाऊ आला नाही. बेवारस प्रेत वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेले. तिथल्या एका शिपायाला मानेवर काहीतरी खूण दिसली आणि त्याने ती वरिष्ठांच्या कानावर घातली. ती खूण पुढे निरुपयोगी ठरली, पण तिच्यामुळे शवविच्छेदन झाले. नाही तर ते प्रेत विद्यार्थ्यांच्या टेबलावरच संपले असते.

शवविच्छेदनात काय मिळाले? काहीच नाही. रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. इकडे पुण्यात नातलगांना बाईंच्या सहीची पत्रे येत होती, की मी पुन्हा लग्न केले आहे, दूर राजस्थानात सुखात आहे, माझा शोध घेऊ नका. आणि बाईंचे शेअर्स, बँकेतले पैसे एकेक करून डॉक्टरांकडे सरकत होते.

आता खटला कसा उभा करायचा ते सांगा. विष नाही, विष देताना पाहणारा नाही, मृत्यूचे कारण विचाराल तर मधुमेहाची बेशुद्धी असे म्हणायलाही जागा. सरकार पक्षाने डॉक्टरांचे वागणेच पुरावा म्हणून मांडले. खोटे नाव का दिले? नातलगांना कळवले का नाही? मेलेल्या बाईच्या सहीने पत्रे कोणी लिहिली? सेशन कोर्टाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि डिसेंबर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. विष सापडले नाही एवढ्यावरून विषप्रयोगाचा आरोप आपोआप ढासळत नाही, परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पुरी असेल तर तो शाबीत होऊ शकतो, असा तो निकाल. आजही विषप्रयोगाच्या खटल्यांत वकील मंडळी त्याचा दाखला देतात. मात्र खंडपीठातल्या तिघांपैकी एका न्यायमूर्तींना तो पुरावा पुरेसा वाटला नव्हता. त्यांचा वेगळा निकालही वाचावा असाच आहे. माझे स्वतःचे मत बहुमताच्या बाजूने पडते, पण तो मतभेद वाचताना दर वेळी थोडा थबकतो.

थबकण्याचे कारण लंडनचे टिमथी एव्हन्स प्रकरण. 1949 च्या अखेरीस 10, रिलिंग्टन प्लेस या घरात एव्हन्सची बायको आणि तान्ही मुलगी गळा आवळून मारलेल्या सापडल्या. एव्हन्स जेमतेम लिहिता-वाचता येणारा, जबान्या बदलणारा. त्याने पोलिसांकडे कबुली दिली आणि कोर्टात फिरवली. त्याच्याविरुद्ध सरकारचा मुख्य साक्षीदार होता त्याच घरात खाली राहणारा जॉन ख्रिस्टी, युद्धकाळात पोलिसात काम केलेला, बोलायला सभ्य. ज्यूरीने ख्रिस्टीवर विश्वास ठेवला. एव्हन्सला 9 मार्च 1950 रोजी, मुलीच्या खुनाबद्दल, फाशी झाली. तीन वर्षांनी ख्रिस्टीने ते घर सोडले आणि स्वयंपाकघरातल्या एका बुजवलेल्या कोनाड्यात तीन बायकांची प्रेते निघाली. फरशीच्या फळ्यांखाली त्याची स्वतःची बायको होती. बागेत आणखी दोन सांगाडे. त्यातले मांडीचे एक हाड तर बागेतल्या जाळीला टेकू म्हणून उघड्यावर लावलेले होते, आणि 1949 मध्ये पोलीस त्याच बागेत झडती घेऊन गेले होते! पंचनामे लिहून घेण्यात माझी वर्षे गेली आहेत, म्हणून हे हाड माझ्या डोक्यातून जात नाही.

ख्रिस्टी 1953 मध्ये फासावर गेला. त्याच वर्षी घाईघाईने झालेल्या चौकशीने, एव्हन्सही दोषीच होता, असा निर्वाळा दिला. एकाच घरात, एकाच वेळी, गळा आवळणारे दोन स्वतंत्र खुनी राहत होते हे मान्य करणे सरकारला सोपे वाटले, चूक मान्य करणे नाही. एव्हन्सला मरणोत्तर माफी मिळाली ती 1966 मध्ये. तोवर ब्रिटनने खुनासाठी फाशी देणे थांबवले होते, आणि त्या निर्णयामागच्या वादात एव्हन्सचे नाव सतत घेतले जात होते. तुमच्या लेखमालेत हे प्रकरण आले तर ते नक्की ‘ख्रिस्टी’च्या नावाने येईल.

कबुलीजबाबावर आपल्या लेखकांचा फारच भरवसा दिसतो, म्हणून आणखी एक. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरात 1983 आणि 1986 मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले. एका सतरा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. डीएनए चाचणीने तो निर्दोष असल्याचे सिद्ध झाले. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क त्यानंतर सापडला. म्हणजे या नव्या तंत्राने आधी एका निरपराध मुलाला सोडवले, मग दोषी पकडला. आपण हा क्रम विसरतो.

बावला खून खटल्याबद्दलही एक शब्द. मुंबईच्या मलबार हिलवर जानेवारी 1925 मध्ये व्यापारी अब्दुल कादर बावला मारला गेला, आणि इंदूरच्या महाराजांचा दरबार सोडून त्याच्याकडे आलेल्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार झाले. हल्लेखोरांना शिक्षा झाल्या. इंदूरच्या महाराजांनी मात्र चौकशीला तोंड देण्याऐवजी 1926 मध्ये गादी सोडली आणि विषय मिटला. राजवाड्याच्या थाटाची वर्णने आपण पुष्कळ छापलीत. हात कोणाचे होते ते कोर्टाने पाहिले, पण त्या हातांना कोणी पाठवले ते कोर्टापुढे कधी आलेच नाही, यावर परिच्छेदभर तरी हवा होता.

लेखमाला बंद करा असे मी म्हणत नाही. फक्त लेखकांना निकालपत्रे वाचायला लावा. ती कादंबऱ्यांइतकी रंगतदार नसतात, पण उलटतपासणीत साक्षीदार कुठे अडखळला ते त्यांत सापडते. आणि लक्ष्मीबाईंचे प्रकरण घेणार असाल तर सुरुवात डॉक्टरांच्या दवाखान्यापासून नको. वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्या शिपायापासून करा.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी