आक्का, तुमचं सूप

जय भीम, आक्का.

तुम्हाला अक्षर येत नाही. तुमचा नातू हे मोबाईलवर वाचून दाखवील, आणि तुम्ही काय केलंत ते चारचौघांनाही कळेल, म्हणून असं उघड लिहिते.

यांनी जीव दिला. जलदान झालं आणि पाव्हणे पांगले. त्याच दिवशी दिवेलागणीला तुम्ही सुपात तूर घेऊन आलात. "धीर धर, लेकरांकडं बघ" असं सगळेच म्हणत होते. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. खडा दिसला की उचलायचा, एवढंच. महिनाभर, रोज. घशाखाली घास उतरत नव्हता, पण हात तुमच्या हातांबरोबर चालायला लागले. एका संध्याकाळी मी आपणहून बोलले. हे कसे सापडले, अंगावर कोणता सदरा होता, सगळं. तुम्ही मधे एकदाही तोडलं नाहीत. त्या रात्री मला झोप लागली.

यांची शेतकरी आत्महत्येची केस अपात्र ठरली. सरकारी मदत १ लाखाची, पण आपलं रान गायरानाचं, सातबाऱ्यावर नाव नाही. आणि ऊसतोडीच्या मुकादमाची उचल कागदावर कर्ज धरत नाहीत. मुकादम मात्र दारात यायचा. "यंदा पोरीला कोयत्यावर धाड, उचल फिटंल." तुम्ही उंबऱ्यावर बसलात. "पोरगी शाळेत जाणार. हिशोब चार माणसांत कर." झाला हिशोब चार माणसांत, आणि पोरगी शाळेतच राहिली.

मग तुम्ही ती पत्र्याची पेटी उघडलीत. अख्ख्या वस्तीच्या अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या. रान नावावर व्हायला १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून आपण कसतो, हे त्यांच्यावरच दाखवायचं होतं. शिक्क्याच्या रंगावरून तुम्ही साल सांगत होतात. एकीची कड जळकी होती. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत तुमचं घर पेटवलं, तेव्हा बाकी सगळं टाकून ही पेटी उराशी धरून तुम्ही ज्वारीच्या रानात रात्र काढलीत, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही ते इतकंच सांगितलंत आणि पुढची पावती काढलीत. माझ्या सासऱ्यांच्या नावाच्या नऊ निघाल्या.

फाईल अजून कचेरीत आहे. सोमवारी पुन्हा चक्कर मारते.

आक्का, पलीकडच्या तांड्यावर एक बाई माझ्यासारखीच एकटी पडलीय. पाव्हणे काल गेले. आज दिवेलागणीला मी जाणार आहे. तूर घरची आहे, सूप तेवढं तुमचं नेते.

तुमची,
खालच्या आळीची सून