फसवणूक झालेल्यांनाही बोलायला जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोटी अटक दाखवून पैसे उकळण्याच्या बातम्यांत किती लाख गेले तेवढं छापून येतं. ज्याचे गेले त्याचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही.

माझ्या आत्याला तोतया पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर धमकावून तिच्याच घरात कोंडून ठेवलं. कॅमेरा बंद करायचा नाही, घरच्यांना सांगायचं नाही, ही त्यांची पहिली अट. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, थोडी रक्कम गोठवली गेली. पण आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली ही बाई पुढे कित्येक महिने कुणाशी धड बोलली नाही. पैशांपेक्षा ‘तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्ही कशा फसलात?’ हा प्रश्न तिला जास्त लागला.

एका संस्थेच्या ऑनलाइन गटबैठकीची माहिती मिळाली. व्हिडिओ कॉल म्हटलं की तिला कापरं भरायचं. समुपदेशक बाईंनी आधीच सांगितलं, कॅमेरा लावायची गरज नाही, नुसतं ऐकलं तरी चालेल. ती ऐकत राहिली. पुढे एका बैठकीत एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी सांगितलं, न्यायालयाचा बनावट आदेश पाहून त्यांनी स्वतः जाऊन ठेवी मोडल्या होत्या. त्या दिवशी आत्या पहिल्यांदा बोलली. आम्ही घरचे इतके दिवस तिला समजावत होतो, पण जे त्यातून गेलेत त्यांच्या शब्दाला वेगळंच वजन असतं.

आपल्याकडे सरकारी पातळीवर हीच सोय नाही. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी राज्यात २०१३ पासून मनोधैर्य ही मदत योजना आहे, पण फसवणूक झालेले त्यात येत नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कुणालाही मराठीत मोफत बोलता येतं, पण तिथे एकट्यानेच बोलायचं असतं. तालुक्याच्या गावात समुपदेशकाची पायरी चढली तरी संध्याकाळपर्यंत चर्चा होते, तिथे घरबसल्या गटाचा मोठाच आधार होईल. तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडिताला कळवणं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांवर बंधनकारक केलंय, हेही आत्याला त्या गटातच समजलं.

मात्र बैठक प्रशिक्षित माणसानेच घ्यावी. खरं नाव सांगायची सक्ती नको, रेकॉर्डिंग तर नकोच. खटला चालू असेल तर साक्षीतल्या तपशिलांची चर्चा टाळावी, नाहीतर बचाव पक्ष साक्ष पढवलेली असल्याचा आरोप करतो. कुणीही उघडलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे भामटे शिरतात आणि पोळलेल्या माणसाला पुन्हा लुबाडतात. घरातल्याच माणसाची मारहाण सोसणाऱ्या बाईला तर घरून बोलणंही धोक्याचं. तिला वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे पीडित महिलांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, एखादी खोली आणि फोन मिळायला हवा.

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी सायबर पोलिसांच्या मदतीने अशा मराठी बैठका सुरू कराव्यात. तक्रार नोंदवतानाच बैठकीची वेळ आणि संपर्क क्रमांक पोलिस ठाण्याच्या शिक्क्यानिशी छापील कागदावर द्यावा. मोबाइलवर लिंक पाठवू नये. या लोकांना आता लिंकचीच धास्ती बसलेली असते.

आपली,
एक वाचक, सांगली