साडेसहाची कवायत

टोकियो
दिवाळीच्या आधीचा रविवार

ती. आईस साष्टांग नमस्कार.
चि. विजू आणि चि. सौ. सुनंदा यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर आईला धड ऐकू येत नाही आणि विजूच्या प्रश्नांची उत्तरं दोन मिनिटांत होत नाहीत, म्हणून आज निवांत लिहायला बसले. विजू, पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. शेवटचा पैशांचा मजकूर तेवढा तुम्ही दोघंच वाचा.

मी खुशाल आहे. घरातलं रोजचं तुम्हाला ठाऊकच आहे, ते पुन्हा लिहीत नाही. थंडी आत्ता कुठं सुरू होते आहे. आईनं दिलेला लोकरीचा स्वेटर वर काढून ठेवला आहे.

आता तुमच्या काळजीबद्दल. विजू, तू म्हणालास, "अक्का, या वयात पहाटे बागेत जाऊन उड्या कसल्या मारतेस? पडलीस म्हणजे?" सुनंदालाही वाटतं की मुलगा-सून मला राबवतात आणि मी ते झाकण्यासाठी व्यायामाचं नाव सांगते. तसं अजिबात नाही. सून स्वतः मला दारापर्यंत सोडते आणि टोपी घातली का ते बघते. मी जाते ती माझ्या हौसेनं.

ही गोष्ट तुम्हाला नीट समजावी म्हणून सविस्तर लिहिते. इथं रोज सकाळी साडेसहाला रेडिओवर कवायत लागते. तुमच्याकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. एनएचके म्हणजे इकडची आकाशवाणी. तिच्यावर पियानो वाजतो, एक निवेदक सूचना देतो आणि ठिकठिकाणच्या बागांत, अंगणांत माणसं त्या तालावर हातपाय हलवतात. दहा मिनिटांत सगळं आटोपतं. दोन भाग असतात आणि प्रत्येक भागात १३ प्रकार. हात वर ताणणं, कमरेतून वळणं, पुढं-मागं वाकणं असे साधेच. उड्यांचा प्रकार त्यातला एक, आणि तोही ज्याला झेपत नाही तो जागच्या जागी टाचा उचलतो. मी टाचाच उचलते, विजू. ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्यासाठी टीव्हीवर खुर्चीत बसूनही हीच कवायत दाखवतात.

१९२८ साली टपाल खात्याच्या विमा विभागानं ही सुरू केली. तेव्हा टपाल खातं लोकांचा आयुर्विमा उतरवायचं आणि माणसं धडधाकट राहावीत यात त्यांनाही रस होता. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीची रेडिओवरची कवायत पाहून त्यांना हे सुचलं. महायुद्धानंतर ती बंद पडली. आता चालते त्यातला पहिला भाग १९५१ चा आणि दुसरा १९५२ चा. म्हणजे माझ्या जन्माआधीपासूनची ही कवायत. सगळे ती शाळेत शिकलेले असतात, त्यामुळे बागेत कुणी कुणाला शिकवत नाही, चूक काढत नाही, वर्गणी मागत नाही. पियानो थांबला की एकमेकांना वाकून नमस्कार करतात आणि निघतात. ओळख नाही, चहा नाही, गप्पा नाहीत. पहिले काही आठवडे मला हे फार परकं वाटलं. आपल्याकडे साताऱ्यात चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला गेलं तर निम्मा वेळ बोलण्यातच जातो. पण एकदा सर्दीनं मी चार-सहा दिवस गेले नाही, तर नंतर एका आजीबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही, पण माझ्या नसण्याकडे त्यांचं लक्ष होतं एवढं कळलं. त्या दिवशी तुम्हा सगळ्यांची फार आठवण आली.

उन्हाळ्याच्या सुटीत मुलंही येतात. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं एक कार्ड असतं आणि कवायत झाली की त्या दिवसाच्या चौकोनात शिक्का मारून घ्यायचा. आपली छकुली त्या शिक्क्यासाठी माझ्याआधी उठून बसायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी इतकी वर्षं मुलांकडून कवायत करून घेतली, पण हजेरीचं असं कार्ड मुलाच्या स्वतःच्या गळ्यात असावं हे कधी सुचलं नव्हतं. फार चांगली रीत आहे.

तेच मी कालनिर्णयवर करते. घरी आपण ज्या चौकोनात दुधाचा हिशोब मांडतो, तिथं मी रोजचा रक्तदाब आणि पावलं लिहिते. रक्तदाब सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, गोळी आणि नाश्त्याच्या आधी, खुर्चीला पाठ टेकून जरा शांत बसून घ्यायचा, असं इथले डॉक्टर सांगतात. घरी घेतलेला १३५/८५ च्या वर सतत दिसू लागला तर त्यांना दाखवायचं. एखाद्या दिवशीचा आकडा बघून घाबरायचं नाही, महिनाभराची रांग बघायची. विजू, तुझं यंत्र कपाटात डब्यात पडून आहे, ते बाहेर काढ.

पावलांच्या बाबतीत तुझं म्हणणं असतं की दहा हजार होत नाहीत तर कशाला जायचं. अरे, तो दहा हजारांचा आकडा इथूनच निघाला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले. कुण्या डॉक्टरनं आखून दिलेली ती रेघ नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला साधारण २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७५०० च्या पुढं आणखी फरक दिसला नाही. तेव्हा तुला अजिंक्यतारा चढायची गरज नाही. राजवाड्यापर्यंत जाऊन ये, पण रोज जा. साखर असलेल्या माणसानं जेवून लगेच आडवं होऊ नये हे तुला मी सांगायला हवं का?

आणि नुसतं चालून भागत नाही. ६५ च्या पुढं तोल आणि ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी हवा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. इथं ६५ ते ७९ वयाच्या लोकांची रीतसर चाचणी घेतात. हाताच्या मुठीची ताकद, पाठीवर झोपून उठणं, बसून पुढं वाकणं, डोळे उघडे ठेवून एका पायावर उभं राहणं (जास्तीत जास्त १२० सेकंद), अडथळे ओलांडत १० मीटर चालणं आणि सहा मिनिटांत किती अंतर चालता ते. आधी प्रकृतीची चौकशी करतात आणि मगच उतरू देतात. गेल्या वर्षी माझी मूठ १७ किलो भरली. बायकांची १८ च्या खाली असेल तर स्नायू झिजत असल्याची शंका घेतात. तेव्हापासून पिळे घट्ट पिळायचे, पाण्याची बाटली उचलायची आणि जेवणात उसळ चुकवायची नाही असं धरलं. या वेळी २० भरली.

एवढी का मागं लागले ते सांगते. आई न्हाणीघरात पडली तेव्हा तिला उचलायला मी नव्हते. सुनंदानं एकटीनं तिला उठवलं आणि तिची स्वतःची कंबर धरली. फोनवर मी "डॉक्टरांना दाखवा" एवढंच म्हणू शकले. इथला नियम असा की नात सात वर्षांची होईपर्यंतच मला राहता येतं. पुढच्या श्रावणात तिला सात पूर्ण होतील आणि गणपतीच्या आत मी साताऱ्याला असेन. येईन तेव्हा मला आईला धरून उठवता आलं पाहिजे. तुमच्यावर आणखी एक म्हातारी माझ्या रूपानं नको.

आई, तू पलंगावर बसून सकाळ-संध्याकाळ टाचा वर-खाली कर आणि पाय एकेक सरळ कर. सुनंदाला, नाहीतर तुला सांभाळायला येणाऱ्या मावशींना, शेजारी बसायला सांग. दुखलं तर थांब. विजू, तू खुर्चीवर हात छातीशी धरून पाच वेळा उठ-बस कर आणि घड्याळ लाव. १२ सेकंदांच्या आत व्हायला हवं. किती लागले ते मला खरं खरं कळव.

आता पैशांचं. मावशींच्या पगारातला माझा वाटा या महिन्यापासून दुप्पट धरा आणि त्यांना रात्रीही राहायला सांगा. सुनंदानं "नको, जमतंय" म्हणू नये. माझं निवृत्तिवेतन साताऱ्याच्या खात्यात नुसतं साठतं आहे. एटीएम कार्ड विजूकडे आहेच.

मुग्धाच्या लग्नाचं ऐकून फार आनंद झाला. कराडची माणसं चांगली आहेत, मुलाची नोकरी कायम आहे, मग आढेवेढे कशाला? तारीख माघात धरत असाल तर धरा. मी लग्नाला येणारच. आठ दिवस आधी यावं, केळवण माझ्या हातचं व्हावं असं फार मनात आहे, पण एप्रिलमध्ये छकुली पहिलीत जायची आणि सुनेच्या कचेरीत त्याआधी वर्षअखेरीची गडबड, त्यामुळे आत्ता शब्द देत नाही. सुनंदा, रागावू नकोस. कार्यालयाच्या आगाऊ रकमेसाठी एक लाख माझ्या खात्यातून काढा. ते परत करायचं बोलायचं नाही.

दिवाळीचा फराळ पाठवू नका, इथं मी चकली केली आहे. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय मात्र जरूर पाठवा.

तुमची,
अक्का

ता. क. – लॉकरमधल्या माझ्या पाटल्या मुग्धासाठी आहेत. मी येईपर्यंत तिला सांगू नका. सराफाकडून वजन तेवढं करून ठेवा.