पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या कलावंत सभासदांसाठी

मंडळी, नमस्कार.

दंडार, खडीगंमत या लोकनाट्यांतून आणि पथनाट्यातून व्यसनमुक्ती नि वनहक्कावर काम करणाऱ्या आपल्यातल्या काहींनी पीएच.डी.बद्दल विचारलं, म्हणून लिहितो. नोकरी सोडावी लागत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे, फक्त नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. पदव्युत्तरला ५५ टक्के हवेत, आरक्षित प्रवर्गांना ५ टक्के सूट. मुदत किमान ३ वर्षं.

कळकळीनं एकच सांगतो, विषय आपल्याच कामातून काढा. मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, रात्री दारूवरचा प्रवेश संपतो, मागं बसलेली एखादी बाई उठून घरचं सांगू लागते, आणि आपण सामान आवरण्यात गुंतलेले असतो. संशोधनाचं बी तिथंच आहे. गाव, तारीख, ती काय बोलली, पुढच्या प्रयोगात आपण काय बदललं, हे त्याच रात्री वहीत उतरवा. तिची परवानगी घ्या. नाव नको म्हणाली तर लिहू नका.

येत्या रविवारी सकाळी ११ वाजता शाळेच्या वऱ्हांड्यात बसू. गुणपत्रिका आणि प्रयोगांच्या जुन्या वह्या आणा. धान कापणीत अडकलेल्यांनी संध्याकाळी फोन करावा.